सतरा वेळा सैल झालेला बोल्ट

४ जून

प्रिय आत्या,

तू बरी आहेस असं धरून चालते. बरी नसलीस की तुझं पत्र येतं आणि बरी असलीस की येत नाही, आणि मार्चपासून एकही आलेलं नाही.

फोन मुद्दामच करत नाही. मागच्या वेळी मशीनच्या घरघरीत तू मला हॉटेलवाली समजलीस आणि "अभ्रे उद्या मिळतील" असं सांगून फोन ठेवून दिलास. शिवाय काम असं आहे की ते कागदावरच हवं.

शाळा सांभाळून मी नववीच्या गणिताच्या पुस्तकातला एक धडा लिहायला घेतलाय. रेषीय समीकरणं आणि असमानता, म्हणजे तुझ्या भाषेत 'बरोबर एवढं' आणि 'एवढ्यापेक्षा जास्त नको'. चाळीस शाब्दिक उदाहरणं लिहून पाठवली. संपादकबाईंनी एकतीसवर लाल रेघ मारून परत केली. एका उदाहरणात बागेत मुलांच्या तिप्पट मुली आणि मुलींच्या निम्मी झाडं होती. बाईंनी समासात लिहिलंय, "हे मोजत कोण बसलं होतं? आणि त्याला दुसरा उद्योग नव्हता का?" शेवटी शेरा: "खऱ्या माणसांची खरी अडचण आणा. नफातोटा नको, त्याचा धडा वेगळा आहे."

आता माझ्या ओळखीत खरी माणसं आणि खऱ्या अडचणी एकाच छपराखाली फक्त तुझ्या लाँड्रीत सापडतात. तर मला चारपाच उदाहरणं पाठव. आकडे खरे हवेत.

बाबांचा निरोप: लाँड्री कधी बंद करतेस आणि इकडे राहायला कधी येतेस? हे ते दर रविवारी विचारतात आणि उत्तर मीच द्यायचं असतं.

तुझी,
ठकू

---

११ जून

चिरंजीव ठकूस,

आत्याची आठवण गणितामुळे झाली, म्हणजे गणिताचा एकदाचा उपयोग झाला म्हणायचा.

घे तुझी उदाहरणं. सगळी खरी.

पहिलं. माझ्याकडे दोन मशीन आहेत, थोरली आणि धाकटी. थोरलीत एका वेळी चोवीस किलो कोरडे कपडे घालता येतात, त्यावर एक रुमालही नाही. हॉटेलची एक चादर सहाशे ग्रॅमची, टॉवेल चारशे ग्रॅमचा, आणि एका चादरीमागे ते दोन टॉवेल पाठवतात. तर एका वेळी जास्तीत जास्त किती चादरी, त्यांच्या टॉवेलांसकट? मी मार्चमध्ये एकदा अठरा चादरी कोंबल्या होत्या. थोरलीने अर्ध्या फेरीत एक उसासा टाकला आणि बसली.

दुसरं. थोरली बसली की कंपनीचा मेकॅनिक येतो. मार्चमध्ये तो दोनदा आला, एप्रिलमध्ये चारदा, मेमध्ये सहादा. हे असंच चालू राहिलं तर महिन्यात पंधराहून जास्त वेळा यायला त्याला कोणता महिना उजाडेल? हे मला सहजच, माहितीसाठी हवंय.

तिसरं. दुरुस्तीला वीस मिनिटं लागतात. मेकॅनिक मात्र एक तास पन्नास मिनिटं थांबतात. उरलेला वेळ चहात जातो, आणि एका कपाला पंधरा मिनिटं लागतात कारण ते बशीत ओतून, फुंकर मारून, बोलत बोलत पितात. तर एकूण कप किती?

बस एवढी तीन. चौथं सुचलं तर पाठवीन. सध्या घाईत आहे. थोरली परत बसलीय.

दादाला सांग, लाँड्री बंद करायचा दिवस मी त्याला पत्राने कळवीन. पत्र कधी लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

आत्या

---

१९ जून

प्रिय आत्या,

तुझी उदाहरणं म्हणजे सोनं आहे! सोडवलेली पाठवते.

पहिलं: चादरी क्ष धरू. मग टॉवेल २क्ष. ६००क्ष + ८००क्ष ≤ २४०००. म्हणजे क्ष ≤ १७.१४. चादर फाडून धुता येत नाही म्हणून उत्तर सतरा. अठरा चादरींना पंचवीस किलो दोनशे ग्रॅम होतात, थोरलीचा उसासा अगदी रास्त होता.

दुसरं: मार्च पहिला महिना धरला तर क्षव्या महिन्यात २क्ष फेऱ्या. २क्ष > १५, म्हणजे क्ष किमान आठ. ऑक्टोबर. आणि गंमत म्हणून पुढे गेले. पुढच्या जूनमध्ये बत्तीस फेऱ्या येतात, आणि महिना तीस दिवसांचा! म्हणजे तोवर मेकॅनिक तुझ्याकडे वळकटी घेऊन राहायलाच आलेला असेल. मुलांना हे आवडेल. नियम आंधळेपणाने ताणला की उत्तर कसं हास्यास्पद होतं ते छान दाखवता येईल.

तिसरं: २० + १५क्ष = ११०, क्ष = ६. सहा कप, आत्या! पित्त नाही होत त्या माणसाला?

(एक बारीकशी चूक सुधारली आहे. दुसऱ्या उदाहरणात मेकॅनिक 'येतो' आणि तिसऱ्यात 'थांबतात', 'पितात'. एकवचन-अनेकवचन सांभाळ. संपादकबाई व्याकरणाला फार कडक आहेत.)

पण उत्तरं लिहिता लिहिता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत्या, तुला फसवताहेत! धडधाकट मशीन असं पायऱ्या मोजत बिघडत नाही. दर महिन्याला बरोबर दोन जास्त? हा माणूस दर वेळी काहीतरी अर्धवट ठेवून जातो आणि मग चहा ढोसायला परत येतो. आकडे खोटं बोलत नाहीत.

मी जेवताना बाबांना सांगितलं. तुला माहीतच आहे, त्यांनी उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवला. निवृत्त झाल्यापासून एकही लबाड सापडला नव्हता, त्यामुळे बिचारे सुकत चालले होते. त्यांनी हात न धुताच कागद मागवला. कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली, सोबत माझा तक्ता जोडला आणि आज सकाळी रजिस्टर करून टाकलीसुद्धा.

तू एकटी आहेस असं कुणी समजू नये. आम्ही आहोत.

तुझी,
ठकू

---

२३ जून

ठकू,

ती तक्रार परत घ्यायला लाव. आजच्या आज. कारण विचारू नकोस, आणि दादाला तर मुळीच विचारू देऊ नकोस.

आत्या

---

२९ जून

प्रिय आत्या,

तुझं दोन ओळींचं पत्र आलं त्याच दिवशी कंपनीचंही आलं. फार उशीर झाला.

कंपनीने चौकशी केली. मेकॅनिकने सगळं कबूल केलं म्हणे. "माझ्या हलगर्जीमुळे बिघाड पुन्हा पुन्हा होत राहिला," असं लेखी दिलं. शिक्षा म्हणून त्याची बदली दोनशे दहा किलोमीटरवरच्या शाखेत झाली आहे आणि तो रुजूही झाला. बाबा पत्र हातात घेऊन सगळ्या शेजाऱ्यांकडे जाऊन आले. "बघ, चोर स्वतःच्या तोंडाने कबूल झाला," असं मला चारदा सांगून झालं.

तुला आनंद व्हायला हवा होता. मग ते दोन ओळींचं पत्र असं फणकाऱ्याचं का? तुझ्याकडे नवा मेकॅनिक येईल तो काम करून निघून जाईल, तुझी चहापूडही वाचेल.

माझं काही चुकलं का? आकडे मी दोनदा तपासले होते.

ठकू

---

६ जुलै

ठकूबाई,

आकडे बरोबर होते. अकलेचं काय ते तुझं तू बघ.

काल नवी मेकॅनिक तपासणीला येऊन गेली. पंचवीस-सव्वीसची चुणचुणीत बाई. थोरलीचं मागचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, हिला काही झालेलं नाही. मोटरचा हा बोल्ट कुणीतरी सैल करतंय. सैल झाला की पट्टा घसरतो, मशीन थांबतं. आपोआप सैल होणाऱ्यातला हा बोल्ट नाही. डोक्यावर पान्याचे ओरखडे आहेत बघा."

मी म्हटलं, "अगं बाई! कोण करत असेल?"

ती म्हणाली, "तेरा नंबरचा पाना कुणाकडे आहे?"

तो माझ्या एप्रनच्या खिशात होता, ठकू. नुसता नव्हता, बाहेर डोकावत होता.

आता कळलं? मार्चमधला पहिला बिघाड खरा. तो अठरा चादरींचा. त्या दिवशी ते आले, काम केलं, हात धुतले आणि धुतलेल्या हातांनी माझ्या गठ्ठ्यातली चादर उचलून दुसरं टोक माझ्यापुढे धरलं. चादर दोघांनी घडी करायची असते. तुझे आतोबा गेल्यापासून एकोणीस वर्षं मी एक टोक दाराच्या कडीला अडकवून घडी करतेय. मला वाटलं, चहा तरी विचारावा.

पुढचा बिघाड व्हायची मी वाट बघितली. होईना. मशीनही नेमकं तेव्हाच शहाण्यासारखं वागतं. मग त्यांनी कोणता बोल्ट फिरवला होता ते आठवलं आणि मी बाजारातून पाना आणला.

त्यांना कळलं नसेल असं समजू नकोस. दुसऱ्याच खेपेला त्यांनी तो बोल्ट बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि कागदावर लिहिलं, "झिजेमुळे". त्यानंतर दर वेळी "झिजेमुळे". आणि कंपनीने विचारलं तेव्हा माझं नाव घेतलं नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. ती हलगर्जी त्यांची नव्हती. माझी होती आणि फार काळजीपूर्वक केलेली होती.

सत्तावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षांत एक तक्रार नाही, आणि आता परगावी एका खोलीत स्टोव्हवर जेवण करतोय. तुझा तक्ता आणि दादाची तीन पानं.

रडू येतंय आणि तुझा रागही येतोय. दोन्हींचं प्रमाण काढत बसू नकोस.

आत्या

---

१२ जुलै

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा घाबरले. दुसऱ्यांदा तोंडावर हात ठेवून हसले, कारण वर्गात पेपर चालू होता. आणि तिसऱ्यांदा 'येतो' आणि 'थांबतात' आठवलं. मी ते व्याकरण म्हणून सुधारलं, आत्या! लाल शाईने!

मला माफ कर. क्षची किंमत अचूक काढली आणि क्ष कोण हे बघितलंच नाही.

आता काय करू ते सांग. कंपनीला खरं लिहिलं तर तुझं नाव जाहीर होईल. बाबांना सांगितलं तर... काल सहज विषय काढून पाहिला. म्हटलं, आमच्या शाळेतल्या एका बाईंनी पंचावन्नाव्या वर्षी लग्न केलं. बाबा म्हणाले, "या वयात माणसाने गुडघे सांभाळावेत." त्यावरून काय समजायचं ते समज.

ते तुला लिहितात का? तू लिहिलंस का त्यांना?

तुझी अक्कलशून्य,
ठकू

---

२० जुलै

ठकू,

माफ केलं. राग धरून ठेवायला वेळ कुठाय? थोरली आता एकदाही बंद पडत नाही आणि काम उरकतच नाही.

लिहिलं मी त्यांना. चार ओळी. त्यांचं उत्तर सहा ओळींचं आलं, म्हणजे प्रगती आहे. एकदा भेटायचं ठरलंय, रविवारी २ ऑगस्टला. समोरासमोर बसून बोलायचं, मधे मशीन नको. मी तिकडे गेले तर त्यांच्या घरमालकाचे डोळे, ते इकडे आले तर माझ्या गिऱ्हाइकांचे. तेव्हा रस्त्यातच कुठेतरी.

हे घे तुझं चौथं उदाहरण. दोन गावांत दोनशे दहा किलोमीटर अंतर. माझी बस सकाळी सातला सुटते, तासाला चाळीस किलोमीटर. त्यांची आठला, तासाला पंचेचाळीस. दोघं एकाच रस्त्याने एकमेकांकडे निघाली, तर कुठे आणि किती वाजता भेटतील? मला सहाच्या आत घरी परत यायला हवं, हॉटेलच्या चादरी भिजत टाकायच्या असतात. तर बोलायला किती वेळ मिळतो तेही काढ.

आणि हो, हे पुस्तकात घालायचं नाही.

आत्या

---

२५ जुलै

प्रिय आत्या,

आयुष्यात कुठलं उदाहरण इतकं जीव ओतून सोडवलं नव्हतं.

तुझी बस सुटल्यापासून क्ष तास. ४०क्ष + ४५(क्ष − १) = २१०. म्हणजे ८५क्ष = २५५, क्ष = ३. सकाळी दहा वाजता, तुझ्या गावापासून एकशे वीस किलोमीटरवर, त्यांच्यापासून नव्वद. परतीला तुला तीन तास, सहाच्या आत पोचायचं, म्हणजे निघायची वेळ ≤ तीन वाजता. बोलायला जास्तीत जास्त पाच तास. कमीत कमी किती लागतील ते समीकरणात बसत नाही.

पण आत्या, नीट वाच! पुस्तकात दोन बस 'भेटतात' म्हणजे एकमेकींच्या बाजूने सुसाट निघून जातात. तू खिडकीतून हात हलवशील, ते हात हलवतील, आणि तू त्यांच्या गावी, ते तुझ्या गावी. दोघांनीही उतरायचं आहे! मी नकाशा काढून बघितला. एकशे विसाव्या किलोमीटरला एक फाटा आहे, तिथे पेट्रोल पंप आणि चहाची टपरी आहे. आपल्या गावाकडून येणारा रस्ता तिथेच मिळतो, बाबा तुझ्याकडे येताना तिथेच बस बदलतात. कंडक्टरला "पंपाचा फाटा" म्हण.

कागद टेबलावर राहिला होता तो बाबांनी पाहिला. मला धडकीच भरली. त्यांनी चष्मा लावून सगळं तपासलं आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पण रविवारी सकाळी सातला कोण शहाणा माणूस बसने निघेल? खरी माणसं घे, खरी."

कोणती साडी नेसणार?

ठकू

---

१ ऑगस्ट, शनिवार

आत्या,

हे पत्र तुला सोमवारी मिळेल, म्हणजे याचा उपयोग शून्य. तरी लिहितेय, कारण दुसरं काही करता येत नाहीये.

बाबा उद्या पहाटे तुझ्याकडे निघताहेत. अचानक ठरवलं. "पत्राने ती ऐकत नाही, आता समोर बसून लाँड्रीचा निकाल लावतो," म्हणाले. त्यांची बस साडेनऊला फाट्यावर पोचते. पुढची बस मिळेपर्यंत ते तिथेच बसणार. टपरीसमोर. साडेनऊ ही संख्या दहापेक्षा लहान आहे, आत्या!

तुला दोनदा फोन केला. एकदा तू "चादरी मंगळवारी" म्हणालीस, एकदा "चादरी झाल्यात, घेऊन जा". मी ओरडून "बाबा! बाबा येताहेत!" म्हटलं, तर तू म्हणालीस, "आबा नाही इथे कुणी," आणि ठेवलास.

मी काय करू?

ठकू

---

४ ऑगस्ट

चिरंजीव ठकूस,

तुझं शनिवारचं पत्र काल मिळालं. दादाने दारातून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "ठकूचं अक्षर एवढं वाकडं का आलंय?"

आता सगळं सांगते, पळीने पाणी पाजल्यासारखं थोडं थोडं नाही, एकदम.

माझी बस दहाला नाही, दहा पस्तीसला पोचली. तुझ्या गणितात रस्त्यावर म्हशी नव्हत्या. मी फाट्यावर उतरले. नेसले होते ती निळी, आणि चपला नव्या म्हणून चावत होत्या. टपरीसमोरच्या बाकावर दोन माणसं पाठमोरी बसली होती. एक पाठ मी ओळखली आणि बरं वाटलं. मग दुसरी ओळखली.

दादा बोलत होता. हातवारे करून. मी खांबामागे उभी राहिले.

"...माझी बहीण भोळी हो," दादा सांगत होता. "पाचवीपासून भोळी. त्या मेकॅनिकने तिला असं गुंडाळलं! सहा सहा कप चहा प्यायचा लेकाचा. मी नसतो तर पुढच्या जूनपर्यंत घरात घुसला असता. माझ्या मुलीने गणिताने सिद्ध केलंय."

ते म्हणाले, "तीन."

"काय तीन?"

"कप. एका माणसाचे तीन. सहा दोघांचे मिळून असतील, आळीपाळीने, असं मला वाटतं."

"तुम्ही कशावरून म्हणता?"

"बशीत ओतून प्यायलं की एवढा वेळ लागतो," असं म्हणून त्यांनी हातातला चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली.

दादाने त्या बशीकडे बघितलं. मग त्यांच्या पायाशी ठेवलेल्या कामाच्या पिशवीवरच्या कंपनीच्या नावाकडे. मग परत बशीकडे. तराजू तपासणारा माणूस तो, नजर पक्की आहे त्याची. मला वाटलं, आता बाक उलटतो. म्हणून मी खांबामागून बाहेर आले.

"तू? इथे?" दादा उठून उभा राहिला. "हा... हा तो आहे! तुला माहीत आहे का हा कोण आहे?"

"मी यांनाच भेटायला आले," मी म्हटलं. "आणि दादा, लबाड हे नाहीत. बोल्ट मी सैल करायचे."

"कोणता बोल्ट?"

"मोटरचा. तेरा नंबरचा."

दादा खाली बसला. टपरीवाल्याने न विचारताच त्याच्या हातात कप दिला. मग दादाने एकदम अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं, "किती वेळा?"

"मेपर्यंत अकरा. पहिला बिघाड खरा होता. जूनमध्ये तुझी तक्रार पोचेपर्यंत आणखी पाच."

"सोळा," दादा म्हणाला.

"सतरा," हे म्हणाले. "जूनमध्ये एकदा मी स्वतः सैल ठेवून आलो होतो. शुक्रवार होता. म्हटलं, सोमवारी बाईंना पुन्हा पान्याचा त्रास कशाला."

ठकू, ही मलाही नवी बातमी होती. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला.

दादा मात्र हसला नाही. त्यांना म्हणाला, "अर्धा तास मी तुम्हाला शिव्या घालतोय. तुम्ही मघाशीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलत होता. आणि शेवटची शिवी, घरात घुसण्याची, बरोबर होती."

"मी तक्रार मागे घेतो. कागद काढा."

"नको," हे म्हणाले. "सतरा वेळा 'झिजेमुळे' असं खोटं लिहिलंय मी. बदली योग्यच आहे. फक्त दोनशे दहा किलोमीटर जरा जास्त झाले. सहा महिन्यांनी परत यायचा अर्ज करता येतो, तो मी करीन."

आणि मग दादा चिडला. खरा चिडला, पण त्यांच्यावर नाही, माझ्यावर. "मला सांगायचं होतंस! दर रविवारी मी विचारतो, तू कधी येतेस. मला वाटायचं, ही तिथे एकटी सुकतेय. तुझी वहिनी गेल्यापासून मला माहीत आहे ना, रिकाम्या घरात संध्याकाळी सात वाजता कसं होतं ते. ठकू वह्या तपासत बसते, मी भिंतीकडे बघतो. आणि तू तिकडे बोल्ट सैल करतेस!"

मी म्हटलं, "तू काय म्हणाला असतास? गुडघे सांभाळ?"

त्याने स्वतःचेच गुडघे चोळले. म्हणजे तेच म्हणाला असता.

मग आम्ही तिघं बसलो. त्या बाकावर दोघंच नीट मावतात, पण बसलो. बोललो कशावर, तर आधी थोरलीवर. मग त्यांच्या स्टोव्हवर. मग त्यांच्या वारलेल्या बायकोच्या आजारपणावर, तेव्हा दादाने वहिनीच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. ते मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तूही ऐकलं नसशील. घरी आला की विचार त्याला, सांगेल आता.

पावणेतीनच्या सुमाराला दादाने घसा साफ केला आणि यांना विचारलं, "तुमचा विचार काय आहे?"

हे म्हणाले, "मला अजून कुणी विचारलेलं नाही."

दादा माझ्याकडे बघायला लागला. टपरीवाला माझ्याकडे बघायला लागला. पंपावर गाडीत हवा भरणारा माणूस नळी हातात धरून उभा राहिला.

मी म्हटलं, "विचारते ना. जरा थांबा, चप्पल काढते."

चपला काढल्या, पाय मोकळे केले आणि विचारलं. काय शब्द वापरले ते तुला सांगणार नाही. पुस्तकात घालशील.

तेवढ्यात तीनची बस आली. माझी. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "चला, येणार का कुणी? बाई, तुम्ही?" एकोणीस वर्षांत हॉटेलच्या चादरी एकदाही चुकल्या नाहीत, म्हणून सवयीने माझं अंग उठलं. पण यांचं उत्तर अजून यायचं होतं. हे चहा बशीत ओतत होते.

दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि कंडक्टरला म्हणाला, "जा रे बाबा तू. आमचं अजून ठरतंय."

बस गेली. साडेतीनला ठरलं.

आत्या